घरगुती टेस्ला कॉइल

टेस्ला कॉइल म्हणजे लोखंडी गाभा नसलेले, अनुनादावर (वारंवारता जुळली की आंदोलने वाढतात, त्यावर) चालणारे उच्च दाबाचे रोहित्र (ट्रान्सफॉर्मर). निकोला टेस्ला यांनी १८९१ मध्ये ते अमेरिकेत तयार केले. नागपुरात हौशी मंडळींना त्याची तार शोधत फिरावे लागत नाही. कूलरच्या मोटारी भरून देणाऱ्या वाइंडिंगवाल्याकडे इनॅमल चढवलेली तांब्याची तार गेजप्रमाणे, वजनावर मिळते. प्राथमिक गुंडाळीची पाव इंची तांब्याची नळी एसी-फ्रिज दुरुस्तीवाल्यांकडे आणि सुटे इलेक्ट्रॉनिक भाग बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) मिळतात.

खरा कस दुय्यम गुंडाळीत लागतो. ७५ मिमी पीव्हीसी पाइपावर ३० गेजच्या तारेचे ९०० वेढे घ्यायचे तर सुमारे २१२ मीटर, म्हणजे दीडशे ग्रॅम तार लागते. एकाने पाइप फिरवायचा, दुसऱ्याने तार ताणून धरायची. वेढ्यावर वेढा चढला तर तिथेच ठिणगी पडून तार जळते. म्हणून घाई नको.

वीज पुरवणारे वेगळे रोहित्र कपॅसिटर (वीजभार साठवणारा भाग) भरते, ठिणगी-फट (जिच्यातून ठिणगी उडते ती दोन टोकांमधली मोकळी जागा) पेटते आणि कपॅसिटर प्राथमिक गुंडाळीतून रिकामा होताना सेकंदाला लाखो आंदोलने उठतात. सतारीची तरफ आपल्या सुराला आपोआप झंकारते, तशी दुय्यम गुंडाळी जुळलेल्या वारंवारतेलाच साथ देते. हा सूर प्राथमिक नळीवरचा चिमटा पुढे-मागे सरकवून जुळवतात.

पहिल्या प्रयत्नासाठी ट्रान्झिस्टरवरची ९ ते १२ व्होल्टची छोटी कॉइलच योग्य. तिच्याजवळ धरलेली सीएफएल तार न जोडता उजळते, आणि तो क्षण मुलांनी एकदा तरी पाहावा. ठिणगी-फटीची मोठी कॉइल जाणकार सोबत असल्याशिवाय बांधू नये. तिचे रोहित्र आणि कपॅसिटर जीव घेऊ शकतात. मायक्रोवेव्ह ओव्हनचे रोहित्र तर हौशी कामात वापरूच नये. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये भार उरतो. ‘उच्च वारंवारतेची वीज कातडीवरूनच जाते, लागत नाही’ हा समज चुकीचा आहे: झटका जाणवला नाही तरी मांस भाजते. दुय्यम गुंडाळीचे भूयोजन घराच्या अर्थिंगला न जोडता वेगळे करतात. पेसमेकर असलेल्यांनी दूर राहावे. कूलरच्या पाण्याने ओल्या झालेल्या फरशीवर प्रयोग मुळीच करू नये.

पावसाळ्यात दमट हवेने गुंडाळीवर ओल धरते आणि वीज पृष्ठभागावरून निसटते. त्यामुळे वार्निशचे दोन-तीन हात द्यायचे काम येथे मे महिन्यातच उरकून घेतलेले बरे. तेव्हाच्या कोरड्या हवेत प्रत्येक हात लवकर वाळतो.