फ्रूट टॉपिंगवाला चीजकेक : पोषणमूल्य

फ्रूट चीजकेक म्हणजे खाली बिस्किटाचा चुरा आणि बटरचा थर, त्यावर क्रीम चीज, साखर, अंडी (बेक करायचा नसेल तर अंड्यांऐवजी व्हिप्ड क्रीम आणि जिलेटिन) आणि सगळ्यात वर फळं. नावात केक असला तरी खाण्याच्या हिशोबात हा चीजचाच पदार्थ, आणि वर फळं दिसतात म्हणून हलका वाटतो तेवढा तो अजिबात नाहीये.

साध्या तयार चीजकेकमध्ये 100 ग्रॅमला साधारण 320 कॅलरी, म्हणजे 125 ग्रॅमच्या एका स्लाइसच्या झाल्या 400, त्यात फॅट 28 ग्रॅम, कार्ब्स 32 आणि प्रोटीन जेमतेम 7. एक ग्रॅम फॅटच्या 9 कॅलरी धरल्या तर निम्म्याहून जास्त कॅलरी नुसत्या फॅटच्याच. सॅच्युरेटेड फॅट (लोणी-तुपात भरपूर असतं ते) 12 ग्रॅमच्या आसपास असतं, आणि डब्ल्यूएचओ सांगते की ते दिवसाच्या कॅलरीच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवा, 2000 कॅलरी खाणाऱ्याला ती मर्यादा 22 ग्रॅम पडते, म्हणजे अर्ध्याहून जास्त कोटा एका स्लाइसमध्येच खलास. गोड पदार्थात मीठ कोण बघतं, पण चीज आणि बिस्किटांतून सोडियमही 500 मिलिग्रॅमच्या वर जातं.

आता फळं. ताज्या स्ट्रॉबेरीत 100 ग्रॅमला फक्त 32 कॅलरी आणि जवळपास 59 मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी, त्यामुळे दोन-तीन वर ठेवल्या तर कॅलरी वाढत नाहीत आणि थोडं सी पदरात पडतं, फायबर नावापुरतंच. पण पुष्कळदा वर असतं ते डब्यातलं चेरी फिलिंग, साखर आणि स्टार्च घालून घट्ट केलेलं, त्याच्या 100 ग्रॅमला 115च्या आसपास कॅलरी. चकचकीत गोड पाक दिसला की तो फळांत नाही, साखरेत मोजायचा.

चीज आहे म्हणजे कॅल्शियम भरपूर असणार, हाही गैरसमजच. क्रीम चीज करताना दूध आंबवून घट्ट करतात, त्या आंबटपणाने कॅल्शियम विरघळून निवळीबरोबर निघून जातं, म्हणून 100 ग्रॅमला उरतं जेमतेम 100 मिलिग्रॅम, चेडर या कडक चीजमध्ये तेच 700च्या पुढे. रिकोटा हे मऊ, ताजं चीज वापरून केलेला इटालियन प्रकार त्या मानाने बरा, कारण फुल फॅट रिकोटातही 100 ग्रॅमला फॅट 13 ग्रॅम, प्रोटीन 11 आणि कॅल्शियम 200 मिलिग्रॅम, फक्त तो थोडा रवाळ लागतो.