आपलं रेडिओ सिलोन आणि त्यांचं रेडिओ सिलोन

साठ-सत्तरीच्या पुढच्या कुठल्याही मराठी माणसासमोर ‘रेडिओ सिलोन’ म्हणा (सिलोन म्हणजे आजची श्रीलंका), त्याला बुधवारची रात्र आठवते, हिंदी सिनेगीतांची लोकप्रियतेच्या पायऱ्यांनुसार क्रमवारी लावणारी बिनाका गीतमाला आठवते, सकाळी आठच्या जरा आधी लागणारं सैगलचं गाणं आठवतं. त्याच वयाच्या कोलंबोतल्या किंवा कँडीतल्या माणसाला विचारलं, तर त्याच्या आठवणीत सिंहली गीतं असतील, तमिळ नाटकं असतील, इंग्रजी बातम्या असतील. सैगल कदाचित नसेलच. नाव एक, इमारत एक, पण केंद्रं जवळजवळ दोन. आपल्याकडे या दोन्हींची सरमिसळ होते आणि एका छोट्या बेटाने स्वतःसाठी उभारलेला रेडिओ आपल्या स्मरणरंजनात झाकला जातो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दोघांची मुळंही वेगळी आहेत. बेटावरच्या लोकांच्या रेडिओचं मूळ 1923 मध्ये सापडतं. तार खात्यातले इंजिनिअर एडवर्ड हार्पर यांनी कोलंबोच्या तार कार्यालयातून ग्रामोफोनच्या तबकड्या वाजवून प्रायोगिक प्रसारण केलं. त्यांच्या ट्रान्समीटरमध्ये पकडलेल्या जर्मन पाणबुडीतले सुटे भाग वापरले होते. डिसेंबर 1925 मध्ये ‘कोलंबो रेडिओ’ रीतसर सुरू झाला. मुंबई-कलकत्त्याची नियमित केंद्रं 1927 ची, म्हणजे सिलोन त्याच्याही आधी.

आपल्या रेडिओ सिलोनचं मूळ मात्र लष्करी आहे. दुसऱ्या महायुद्धात माउंटबॅटन यांच्या आग्नेय आशिया कमांडने सैनिकांसाठी कोलंबोहून ‘रेडिओ सीॲक’ चालवला आणि त्यासाठी कोलंबोच्या उत्तरेला एकाला इथे 100 किलोवॉटचा शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर आला. लढाई संपली, सैनिक घरी गेले, यंत्र राहिलं. 1949 मध्ये ते सिलोन सरकारच्या हाती आलं. बेटाच्या गरजेपेक्षा कितीतरी मोठं असं हे यंत्र नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाला आयतं मिळालं, आणि तिथूनच फाटे फुटले.

शॉर्टवेव्हच्या लहरी वर आयनांबरावर, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावर, आदळून परत जमिनीकडे येतात, त्या शेकडो-हजारो किलोमीटर दूर. मधला पट्टा बऱ्याचदा कोरडाच राहतो. म्हणून कोलंबोजवळून निघालेलं गाणं विदर्भातल्या खेड्यात खणखणीत लागायचं. आवाज मधेच खोल जायचा, पुन्हा वर यायचा. रेडिओ बिघडलाय असं समजून आपण त्याच्यावर थाप मारायचो. बिघाड नव्हताच, हलत होतं ते आकाशातलं छत. बेटावरच्या श्रोत्यांसाठीच्या सेवेला एवढी लांब उडी मारायचं कारणच नव्हतं.

1950 मध्ये कोलंबो योजनेखाली आलेल्या ऑस्ट्रेलियन क्लिफर्ड डॉड यांनी व्यापारी विभाग उभा केला. आता भारताकडे तोंड करून हिंदी गाणी आणि जाहिराती सुरू झाल्या. गंमत म्हणजे या ‘सिलोन’चा मोठा भाग मुंबईतच तयार व्हायचा. गीतमालेचे निवेदक अमीन सयानी इथे कार्यक्रम ध्वनिमुद्रित करायचे, टेप कोलंबोला जायची आणि तिथून हवेतून परत आपल्या घरात. पैसाही भारतीय बाजारात माल विकणाऱ्या कंपन्यांचा. त्यामुळे गीतमालेला श्रीलंकेचा सांस्कृतिक ठेवा म्हणणं मला पटत नाही. ट्रान्समीटर त्यांचा, बाकी बहुतेक सगळं आपलं.

आता 1952 हे साल बघा. दोन मराठी माणसं दोन टोकांना उभी आहेत. दिल्लीत नभोवाणी मंत्री झालेले पुण्याचे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. त्यांना आकाशवाणीवर शास्त्रीय संगीत हवं होतं. त्यांच्या काळात सिनेसंगीत तिथून जवळजवळ हद्दपार झालं आणि श्रोत्यांनी काटा सिलोनकडे फिरवला. त्याच वर्षी कोलंबोत हिंदुस्थानी संगीताचे जाणकार पंडित श्रीकृष्ण नारायण रातंजनकर पोहोचले होते, रेडिओ सिलोनच्या गायकांची ऑडिशन घ्यायला. सुनील शांत हे तेव्हाचे लाडके सिंहली गायक. लखनौला रातंजनकरांच्याच संस्थेत शिकलेले. त्यांनी परीक्षेला बसायला नकार दिला. सिंहली गाण्याची पारख हिंदुस्थानी रागाच्या मापाने का व्हावी, हा त्यांचा मुद्दा होता, आणि त्यासाठी त्यांनी रेडिओवरचं गाणं गमावलं. मला या प्रसंगात शांत यांची बाजू जास्त समजते, रातंजनकरांबद्दल पूर्ण आदर ठेवूनही. आपल्या रेडिओ सिलोनवर ‘कुठलं गाणं पहिल्या पायरीवर’ याची हुरहुर होती. त्यांच्या रेडिओ सिलोनवर ‘आमचं गाणं म्हणजे नेमकं कोणतं’ हा वाद पेटला होता.

सीमारेषा अगदी काटेकोर नव्हती, हेही खरं. व्यापारी सेवा बेटावरही सिंहली, तमिळ आणि इंग्रजीत होतीच. तमिळ सेवा तर दोन्हीकडची: निवेदक एस. पी. मयिलवागनम यांचा आवाज जाफन्यातही ओळखीचा आणि तमिळनाडूतही.

पुढे वाटा वेगळ्या झाल्या. 1957 मध्ये विविध भारती आली. 1967 मध्ये मुंबई, पुणे, नागपूर इथून तिच्यावर जाहिराती सुरू झाल्या आणि जाहिरातदारांना कोलंबोची फेरी घालायची गरज उरली नाही. 1989 मध्ये गीतमालाही विविध भारतीवर गेली. (‘बिनाका विविध भारतीवर लागायचं’ असं सांगणाऱ्यांचा घोळ इथला आहे. लागायचं, पण पहिली सदतीस-एक वर्षं नाही.) तिकडे 1967 मध्ये रेडिओ सिलोनचं महामंडळ झालं, 1972 मध्ये देशाचं नाव बदलल्यावर ते श्रीलंका ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन झालं. आपण ‘सिलोन’च म्हणत राहिलो.

आणि आपण ऐकणं कमी केलं त्याच काळात त्यांचा रेडिओ खेड्यात शिरत होता. महावेली नदीवरच्या धरणांमुळे हजारो कुटुंबांना नव्या वसाहतीत जावं लागलं. 1981 पासून महावेली कम्युनिटी रेडिओची पथकं त्या वसाहतींत दिवसचे दिवस मुक्काम करून गावकऱ्यांकडूनच कार्यक्रम करून घेऊ लागली. त्यातूनच कोत्मले हे छोटं केंद्र निघालं. तिथे 1999 मध्ये युनेस्कोच्या मदतीने इंटरनेट आलं. घरी कॉम्प्युटर नसलेला शेतकरी प्रश्न कळवायचा, निवेदक इंटरनेटवर उत्तर शोधायचा आणि हवेतूनच सिंहलीत समजावून सांगायचा.