जुन्या डेस्कटॉप संगणकात एसएसडी बसवणे

डेस्कटॉप संगणकातील फिरत्या तबकड्यांच्या हार्ड डिस्कच्या जागी किंवा तिच्या जोडीला एसएसडी, म्हणजे एकही हलता भाग नसलेली साठवण-डिस्क, बसवून तिच्यावर विंडोजसारखी कार्यप्रणाली नेण्याच्या कामाला व्यवहारात ‘एसएसडी टाकणे’ असे म्हणतात. या कामात मदरबोर्ड, प्रोसेसर आणि मॉनिटर तेच राहतात. यंत्र आपली कार्यप्रणाली, सॉफ्टवेअर आणि फाइली जिथून वाचते ती जागा तेवढी बदलते. साधारणपणे २००७ ते २०१५ या काळात घेतलेल्या यंत्रांना हा बदल सर्वांत अधिक मानवतो, कारण त्यांचा प्रोसेसर पत्रव्यवहार, हिशेब, अक्षरजुळणी आणि इंटरनेट यांसाठी अजून पुरेसा असतो, पण डिस्क मात्र त्याला सतत खोळंबून ठेवते.

पुण्यात अशी यंत्रे टिकून राहण्याला काटकसरीखेरीज आणखी एक कारण आहे. शहराच्या पेठांतील छपाई आणि अक्षरजुळणीच्या व्यवसायात पेजमेकर हे पानांच्या मांडणीचे सॉफ्टवेअर व त्याच्या जोडीला श्रीलिपी किंवा आयएसएम यांसारख्या टंकप्रणाली वर्षानुवर्षे वापरल्या गेल्या. श्रीलिपी ही पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची, तर आयएसएम ही सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेची निर्मिती आहे. अशा प्रणालींच्या जुन्या आवृत्त्यांचा परवाना बहुधा डोंगलशी, म्हणजे यंत्राच्या पाठीमागे प्रिंटरच्या पोर्टमध्ये किंवा यूएसबीत खोचायच्या अंगठ्याएवढ्या कुलपाशी, बांधलेला असे. नव्या यंत्राला प्रिंटरचे ते पोर्टच नसते, नव्या विंडोजवर जुनी आवृत्ती चालेलच असे नसते, आणि युनिकोडपूर्व, म्हणजे सर्व यंत्रांना समान असा अक्षरसंकेत येण्याआधीच्या, फाँटांत जुळवलेली शेकडो पुस्तके, दिवाळी अंक व लग्नपत्रिका त्याच यंत्रावर नीट उघडतात. त्यामुळे यंत्र बदलण्यापेक्षा त्याची डिस्क बदलणे हा येथे हौसेचा नव्हे, तर धंदा चालू ठेवण्याचा प्रश्न ठरतो.

मंदपणाचे कारण : हार्ड डिस्कचे मूळ तत्त्व १९५६ मध्ये आयबीएमने आणलेल्या रॅमॅक यंत्रातील डिस्कपासून बदललेले नाही. चुंबकीय लेप असलेली तबकडी फिरते आणि वाचणारे शीर्ष तिच्यावर योग्य वर्तुळापर्यंत सरकते. डेस्कटॉपमधील नेहमीची डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती शीर्षाखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा आणि शीर्ष सरकण्यास आणखी नऊएक मिलिसेकंद धरल्यास प्रत्येक विखुरलेल्या वाचनाला तेरा मिलिसेकंदांच्या आसपास वेळ जातो. एसएसडीला याच कामाला सुमारे ०.१ मिलिसेकंद लागतो. डिस्कभर विखुरलेल्या दहा हजार लहान तुकड्यांचे वाचन करायचे, तर साध्या गुणाकाराने हार्ड डिस्कला दोन मिनिटांहून अधिक काळ आणि एसएसडीला एक सेकंद हवा. प्रत्यक्षात कार्यप्रणाली तुकडे आधीच वाचून ठेवण्याच्या युक्त्या करते, त्यामुळे फरक इतका टोकाचा राहत नाही. तरी संगणक सुरू होणे, पेजमेकर उघडणे, अँटिव्हायरसची तपासणी ही सगळी कामे अशाच विखुरलेल्या वाचनाची असतात. विंडोज १० चालवणाऱ्या जुन्या यंत्राच्या टास्क मॅनेजरमध्ये डिस्कच्या रकान्यात सतत १०० टक्के दिसते आणि प्रोसेसर मात्र दहा टक्क्यांवर रेंगाळत असतो. ‘पीसी हँग होतो’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच चित्र असते. प्रतिसेकंद किती मेगाबाइट, हा खोक्यावर ठळक छापलेला आकडा त्यामानाने गौण आहे.

एसएसडीतील माहिती नँड फ्लॅश या अर्धवाहक स्मृतीत, निरोधक थरांमध्ये अडकवलेल्या विद्युत भाराच्या रूपात राहते. फ्लॅश स्मृतीची कल्पना तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांची. नँड प्रकार १९८७ मध्ये पुढे आला. या स्मृतीत लेखन पानापानाने होते, पुसणे मात्र अनेक पानांच्या मोठ्या गठ्ठ्याने करावे लागते. म्हणून कोणती पाने आता निरुपयोगी झाली हे कार्यप्रणालीने डिस्कला कळवणे उपयोगी पडते. या सूचनेला ट्रिम म्हणतात. विंडोज ७ पासून पुढे ती आपोआप दिली जाते, विंडोज एक्सपीला ती ठाऊक नाही. एसएसडीचे डीफ्रॅगमेंटेशन, म्हणजे फाइलींचे विखुरलेले तुकडे सलग लावणे, करण्याची गरज नसते; त्याने वेग वाढत नाही आणि लेखनाची झीज तेवढी होते.

जोडणी : जुन्या डेस्कटॉपसाठी अडीच इंची साटा एसएसडी हा सरळ पर्याय आहे. साटा म्हणजे डिस्क मदरबोर्डला वायरने जोडण्याची नेहमीची पद्धत. साटाच्या तीन पिढ्यांचा वेग अनुक्रमे प्रतिसेकंद १.५, ३ आणि ६ गीगाबिट असून प्रत्यक्ष माहितीच्या हिशेबाने तो १५०, ३०० आणि ६०० मेगाबाइट होतो. आपल्याकडे मोठ्या प्रमाणात विकल्या गेलेल्या एच६१ चिपसंचाच्या मदरबोर्डांना मूळचे दुसऱ्या पिढीचेच पोर्ट असतात. तिथे एसएसडी २७०-२८० मेगाबाइटांच्या पुढे जात नाही. यावरून पुष्कळजण ‘मग काय उपयोग’ असा निष्कर्ष काढतात, पण तो चुकीचा आहे. लहान तुकड्यांच्या विखुरलेल्या वाचनात साटा एसएसडी प्रतिसेकंद तीस-चाळीस मेगाबाइटच देते आणि हार्ड डिस्क एक मेगाबाइटही जेमतेम. त्यामुळे पोर्टची मर्यादा रोजच्या कामात आडवी येतच नाही. एनव्हीएमई प्रकारच्या, म्हणजे साटाऐवजी पीसीआय एक्सप्रेस या अधिक वेगवान जोडणीवर चालणाऱ्या, एसएसडी याहून कितीतरी वेगवान असतात, मात्र २०१४ पूर्वीच्या बहुतेक मदरबोर्डांचे बायोस, म्हणजे कार्यप्रणालीच्या आधी यंत्र सुरू करणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम, त्यांवरून यंत्र सुरू करू शकत नाही. पीसीआय एक्सप्रेसच्या खाचेत कार्ड लावून ती दुसरी डिस्क म्हणून चालते. एवढ्यासाठी तो खटाटोप करण्यात अर्थ नाही.

प्रत्यक्ष बसवण्याचे काम दहा मिनिटांचे असते. ज्याला घरोघरी ‘सीपीयू’ म्हणतात त्या कॅबिनेटची डावी झडप काढली, आत साचलेली धूळ ब्रशने झटकली, आणि हार्ड डिस्कच्या साडेतीन इंची जागेत आधारपट्टी लावून किंवा दोनच स्क्रूंवर एसएसडी कसली की झाले. तिचे वजन आणि कंपन नगण्य असल्याने दोन स्क्रूही पुरतात. यंत्राला वीज पुरवणारा एसएमपीएस फार जुना असल्यास त्याला साटाची चपटी पॉवरपिन नसते, तेव्हा चार पिनांच्या मोलेक्सपासून साटा करणारी वायर लागते. माहितीची वायर शक्यतो नवी घ्यावी, कारण जुन्या वायरची पकड सैल झालेली असली की डिस्क मध्येच दिसेनाशी होते आणि दोष नव्या एसएसडीवर ढकलला जातो.

कार्यप्रणाली नेणे : येथे दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे ‘फॉरमॅट मारून’ विंडोज नव्याने टाकणे. यंत्र त्याने स्वच्छ होते आणि घरगुती वापराला हीच वाट बरी. दुसरी वाट क्लोनिंगची, म्हणजे जुन्या डिस्कवरील विभाग जसेच्या तसे नव्या डिस्कवर उतरवण्याची. डोंगल, प्रिंटरचे जुने ड्रायव्हर, हाताने बसवलेले फाँट, सीडी हरवलेली सॉफ्टवेअर असा पसारा ज्या यंत्रावर असतो तिथे क्लोनिंगला पर्याय नाही.

क्लोन करण्यापूर्वी जुन्या डिस्कचे स्मार्ट अहवाल, म्हणजे डिस्कने स्वतःच्या प्रकृतीची ठेवलेली नोंद, वाचणे आवश्यक आहे. क्रिस्टलडिस्कइन्फोसारखा मोफत प्रोग्रॅम ते दाखवतो. ‘करंट पेंडिंग सेक्टर’ शून्याहून अधिक असल्यास डिस्क काही ठिकाणी वाचता येईनाशी झाली आहे असे समजावे आणि क्लोनिंगच्या आधी कामाच्या फाइली दुसरीकडे उतरवून घ्याव्यात. मरायला टेकलेल्या डिस्ककडून सलग दोन-तीन तास वाचन करून घेणे हा तिचा शेवटचा प्रवास ठरू शकतो. जुनी डिस्क ५०० गीगाबाइटची आणि नवी २४० ची असते, आणि नवी विंडोजमध्ये २२३ च दिसते, कारण निर्माता दशमान गीगाबाइट मोजतो व विंडोज द्विमान. ही फसवणूक नव्हे. अशा वेळी सी ड्राइव्ह तेवढा उतरवावा आणि फोटो, गाणी, जुनी कामे असलेले डी व ई ड्राइव्ह हार्ड डिस्कवरच ठेवावेत. सी ड्राइव्हच्या अलीकडे विंडोजने स्वतःसाठी राखलेला एक छोटा, नाव नसलेला विभाग असतो. तो उतरवायचा राहिला तर काळ्या पडद्यावर ‘बूटएमजीआर इज मिसिंग’ एवढी एकच ओळ येते आणि सगळे काम वाया गेल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात तेवढा विभाग पुन्हा उतरवला की यंत्र सुरू होते. क्लोन झाल्यावर पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क काढून ठेवावी, कारण दोन्ही डिस्कांची अंतर्गत ओळख-खूण सारखीच झालेली असते आणि विंडोज गोंधळते.

एक्सपीवर अडकलेल्या अक्षरजुळणीच्या यंत्रांची गोष्ट थोडी वेगळी आहे. एक्सपी आपला पहिला विभाग ६३ व्या सेक्टरपासून सुरू करते (सेक्टर म्हणजे डिस्कवरील जागेचा लहानात लहान तुकडा). त्यामुळे कार्यप्रणालीचे तुकडे आणि फ्लॅशची पाने एकमेकांवर नीट बसत नाहीत, आणि प्रत्येक लेखन दोन पानांवर सांडते. यावर उपाय म्हणून नव्या यंत्रावर आधीच एक मेगाबाइटच्या अंतरावर विभाग पाडून मग त्यात एक्सपी उतरवतात. ट्रिम नसल्यामुळे अशा एसएसडीचा काही भाग मोकळा, विभाग न पाडता ठेवणेही हिताचे असते.

बायोसमध्ये साटाची पद्धत, म्हणजे डिस्कशी संवाद साधण्याची रीत, जुनी आयडीई ठेवायची की नवी एएचसीआय, हा प्रश्न पुढे येतो. एएचसीआय अधिक चांगली, पण विंडोज आयडीईवर टाकलेले असताना बायोसमध्ये नुसता बदल केल्यास निळा पडदा येतो. विंडोज १० मध्ये आधी पुढच्या वेळी यंत्र सेफ मोडमध्ये, म्हणजे मोजक्या ड्रायव्हरांवर, सुरू व्हावे अशी नोंद करावी, मग बायोसमध्ये बदल करावा आणि एकदा सेफ मोडमध्ये जाऊन यावे. एवढ्याने काम होते. जी३१ सारख्या आणखी जुन्या बोर्डांवर एएचसीआय नसतेच, तिथे आयडीईवर समाधान मानावे.

याच सेटिंगमुळे एक चकवा देणारा बिघाड उद्भवतो. मदरबोर्डवरची नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी दहा वर्षांत संपलेली असते, पण भिंतीवरचे बटण चालू असेपर्यंत एसएमपीएसमधून येणारा अल्प प्रवाह बायोसची स्मृती जिवंत ठेवतो. पुण्यात महावितरणची देखभालीची कामे बहुधा गुरुवारी निघतात. त्या दिवशी काही तास वीज गेली की बायोस कारखान्यातील मूळ सेटिंगवर, म्हणजे अनेक जुन्या बोर्डांत आयडीईवर, परत जाते आणि शुक्रवारी सकाळी यंत्र निळ्या पडद्यावर थांबते. मालक ‘नवी एसएसडी उडाली’ म्हणून यंत्र उचलून दुकानात आणतो. घड्याळ दहा-बारा वर्षे मागे गेलेले दिसले की जाणकार कारागीर एसएसडीला हातही न लावता आधी बॅटरी बदलतो. क्लोनिंगसुद्धा शक्यतो गुरुवारी काढू नये, आणि यूपीएसची बॅटरी खात्रीची नसल्यास मुळीच काढू नये.

मर्यादा : एसएसडीने प्रोसेसर वेगवान होत नाही. व्हिडिओचे रूपांतर, मोठ्या चित्रांवरील प्रक्रिया, जड संकेतस्थळे यांत फरक थोडाच पडतो. रॅम चार गीगाबाइट किंवा कमी असेल तर विंडोज उरलेली गरज डिस्कवर भागवते, आणि एसएसडी ती इतक्या तत्परतेने भागवते की रॅमची कमतरता झाकली जाते; अशा यंत्राला एसएसडीबरोबरच आणखी एक रॅमची पट्टी घालणे हा खरा उपाय. विंडोज १० चे नियमित सुरक्षा-साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप व ठरावीक पिढीनंतरचा प्रोसेसर या अटींमुळे ही यंत्रे अधिकृतपणे विंडोज ११ वर जाऊ शकत नाहीत. लिनक्स मिंटसारखी प्रणाली एसएसडीवर उत्तम चालते आणि इनस्क्रिप्ट कळफलकाने मराठीही लिहिता येते, पण डोंगलवाल्या टंकप्रणाली तिच्यावर चालण्याची आशा ठेवू नये. अशी यंत्रे इंटरनेटपासून तोडून फक्त जुळणीसाठी ठेवण्याची पद्धत शहाणपणाची आहे.

झिजेची भीती मात्र अवाजवी आहे. २५० गीगाबाइटच्या सामान्य एसएसडीला निर्माते साधारणपणे ८० ते १५० टेराबाइट लेखनाची हमी देतात. रोज वीस गीगाबाइट लिहिले तरी वर्षाला ७.३ टेराबाइट होतात, म्हणजे खालची मर्यादा गाठायलाही दहा वर्षांहून अधिक काळ लागतो. चिंता करायची तर ती अचानक मरण्याची करावी. हार्ड डिस्क जाण्यापूर्वी बहुधा कटकट आवाज करते, फाइली उघडायला वेळ लावते. एसएसडी अनेकदा आदल्या संध्याकाळी ठणठणीत असते आणि सकाळी बायोसला दिसतच नाही. शिवाय ट्रिममुळे पुसलेली फाइल परत मिळवणे जवळजवळ अशक्य होते. जुनी हार्ड डिस्क त्याच कॅबिनेटमध्ये ठेवून तिच्यावर रोजच्या कामाची प्रत घेणे हा तिचा उत्तम उपयोग आहे.

खरेदीसाठी पुणेकर बुधवार पेठेतील तपकीर गल्ली आणि तिच्या आसपासच्या दुकानांकडे वळतात. तेथे घासाघीस होते. पण घासाघीस किमतीची करावी, पावतीची करू नये. तीन किंवा पाच वर्षांची वॉरंटी मिळण्यासाठी डिस्कचा अनुक्रमांक लिहिलेली जीएसटीची पावती हवी. नाव न ऐकलेल्या निर्मात्याची, अशक्य वाटावी इतकी स्वस्त आणि दोन टेराबाइटची म्हणून विकली जाणारी डिस्क पूर्ण भरून आणि परत वाचून तपासल्याखेरीज तिच्यावर काहीही ठेवू नये.

निकामी झालेल्या डिस्कची विल्हेवाट ई-कचरा म्हणून लावावी. त्यासंबंधीचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, आणि पुण्यात कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था असा कचरा गोळा करते. बुधवारी व रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात जुनी हार्ड डिस्क देण्यापूर्वी ती संपूर्णपणे शून्यांनी एकदा भरून पुसावी, कारण नुसत्या फॉरमॅटने ग्राहकांच्या पत्रिका आणि बँकेची कागदपत्रे तिच्यातून जात नाहीत. एसएसडीवर शून्ये भरून मात्र खात्री देता येत नाही, कारण तिचा नियंत्रक काही पाने राखीव ठेवतो आणि तिथवर लेखन पोचतच नाही. तिच्यासाठी निर्मात्याच्या प्रोग्रॅममधून ‘सिक्युअर इरेज’ ही आज्ञा द्यावी लागते.