लंबगोल की गोल: माउंटन बाइकच्या चेनरिंगमागचा इतिहास

माउंटन बाइकला पुढे लंबगोल चेनरिंग, म्हणजे पेडलजवळचं दातेरी चक्र, लावायचा विचार बोलून दाखवला, की ऐंशीच्या दशकातल्या सायकली चालवलेला एखादा जाणकार हमखास म्हणतो, "बायोपेस आठवतं का? गुडघ्यांची वाट लागेल." बायोपेस ही शिमानो या जपानी कंपनीची त्या काळातली लंबगोल चेनरिंग, पण पंचविशीतल्या मुलाला ते ठाऊकच नसतं. त्याच्या मित्राने लंबगोल रिंग लावलेली असते आणि चढणीला ती बरी वाटते, एवढंच त्याला माहीत असतं. दोघंही खरं बोलत असतात, पण वेगवेगळ्या गोष्टींबद्दल. लंबगोल या एका शब्दाखाली एकमेकांच्या अगदी उलट असलेल्या दोन कल्पना गोळा झाल्या आहेत, आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय हा वाद सुटत नाही.

मूळ अडचण जुनी आहे. जातं ओढताना खुंटा आपल्याकडे येतो तेव्हा हाताला चांगली पकड मिळते, पण खुंटा वळण घेतो त्या दोन जागी हात नुसता वाहून नेला जातो. पेडलचंही तसंच. क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, आडवा असताना मांडीचा पूर्ण जोर लागतो. एक पेडल थेट वर आणि दुसरं थेट खाली आलं की कितीही दाबा, फिरवणारं बळ जवळपास शून्य. त्याला सायकलवाले डेड स्पॉट म्हणतात. एका फेऱ्यात जोर दोनदा शिखरावर जातो आणि दोनदा तळाला येतो. चेनरिंग गोल असेल तर हा चढउतार जसाच्या तसा मागच्या चाकापर्यंत पोहोचतो.

चेनरिंगचा आकार बदलून तो सावरायचा, हे सुचायला वेळ लागला नाही. हान्स रेनॉल्डने 1880 मध्ये रोलर चेन आणली, 1885 मध्ये जॉन केम्प स्टार्लीची रोव्हर ही चेनने मागचं चाक फिरवणारी सायकल आली, आणि 1890 च्या दशकातच लंबगोल चक्रांचे प्रयोग सुरू झाले. 1930 च्या दशकात युरोपात ती पुन्हा दिसली. पण दर वेळी थोडे दिवस चर्चा झाली आणि गोल चक्रच टिकलं. गोल चक्र बनवायला सोपं, गिअर बदलायला सोपं, आणि सपाट रस्त्यावर फरक इतका थोडा, की त्यासाठी कुणी अडून बसावं असं काही नव्हतं.

मग माउंटन बाइक आली. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन काउंटी आहे. तिथल्या माउंट टॅमल्पायसच्या परिसरात जुन्या जाड टायरच्या सायकली उतारावरून सोडणारी मंडळी होती. त्यांची 'रीपॅक' नावाची पहिली शर्यत 1976 च्या ऑक्टोबरात झाली. जो ब्रीझने 1977 मध्ये त्याच कामासाठी खास फ्रेम बांधली, आणि 1981 मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची स्टंपजंपर ही सायकल कारखान्यातून विक्रीला आली. उतरणं जमलं, पण परत वर चढायचं होतं. त्यासाठी पुढे तीन चेनरिंगा, त्यातली सर्वांत आतली अगदी छोटी. जपानमधल्या साकाई शहरातल्या शिमानोने 1982 मध्ये या सायकलींसाठी डिओर एक्सटी हा भागांचा संच काढला, आणि लगेच 1983 मध्ये बायोपेस बाजारात आणलं.

बायोपेसची आजही टिंगल होते, ती मला मुळीच पटत नाही. शिन्पेई ओकाजिमा या अभियंत्याने पायाच्या हालचालीचा संगणकावर अभ्यास करून तो आकार काढला होता. त्याचा युक्तिवाद असा, की पाय म्हणजे चांगलंच वजन असलेली वस्तू आहे. खाली दाबण्याच्या टप्प्यात गिअर हलका ठेवला तर पाय वेग घेतो, त्या वेगात ऊर्जा साठते, आणि डेड स्पॉटला गिअर जड झाला की पाय मंदावताना तीच ऊर्जा चेनकडे जाते. म्हणून बायोपेसमध्ये रिंगचा पसरट भाग डेड स्पॉटला चेन ओढतो आणि अरुंद भाग जोराच्या टप्प्यात. सपाट रस्त्यावर मिनिटाला साठ-सत्तर फेरे मारणाऱ्या माणसाला ते गुळगुळीत वाटे. गुडघ्यावर ऐन दाबाच्या वेळी ताण कमी यावा हाही त्यात हेतू होता. ज्या वस्तूचा हेतू गुडघे वाचवण्याचा, तीच पुढे गुडघे बिघडवणारी म्हणून बदनाम व्हावी, याचं मला फार वाईट वाटतं.

पण डोंगरावर हिशेब फिरतो. चेनमधला ताण म्हणजे पेडलने दिलेलं फिरवणारं बळ भागिले रिंगची त्रिज्या. जोराच्या टप्प्यात त्रिज्या कमी ठेवली की चेनमधला ताण वाढतो, म्हणजे आधीच शिखरावर असलेलं बळ आणखी टोकदार होऊन मागच्या चाकावर येतं. डांबरावर टायर ते सहन करतो. सुट्या खडीवर, वाळलेल्या मुरमावर, ओल्या मुळांवर टायर नेमका त्याच क्षणी सुटतो. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात सह्याद्रीतल्या कच्च्या चढणीवर ज्याचं मागचं चाक जागच्या जागी गरकन फिरलं आहे, त्याला हे कळायला आकृतीची गरज नाही. शिवाय तीव्र चढणीला सायकलचा वेग इतका कमी, की पायात साठलेली ऊर्जा ही गोष्टच नाममात्र उरते. बायोपेस ज्या गृहीतावर उभं होतं तेच तिथे लागू नव्हतं. आणि भरभर फेरे मारणाऱ्यांना पाय उसळल्यासारखे वाटत.

ऐंशीच्या उत्तरार्धात मात्र माउंटन बाइक घेतली की पुढे बायोपेसच असायचं, बहुतेक 28-38-48 दात्यांचं. पुढे शिमानोने लंबगोलपणा कमी केला, आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते बंदच केलं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. माउंटन बाइकच्या जगाने पुढची जवळजवळ वीस वर्षं लंबगोल म्हटलं की हात आखडता घेतला, मग लंबगोल कुठल्या दिशेने उभा आहे हे कुणी विचारो वा न विचारो.

दिशा उलटी करणारे लोक रस्त्यावरच्या शर्यतींत होते. फ्रान्समध्ये जाँ-लुई तालोने ओसिमेट्रिक रिंग काढली, तिचा आकार नुसता पाहिला तरी धडकी भरावी इतका तिरपागडा. स्पेनमध्ये विमानशास्त्राचं शिक्षण घेणाऱ्या पाब्लो कारास्कोने रोटर ही कंपनी सुरू केली, आणि 2005 मध्ये त्यांची क्यू-रिंग आली. दोन्हींत पसरट भाग जोराच्या टप्प्यात आणि अरुंद भाग डेड स्पॉटला, म्हणजे बायोपेसच्या बरोबर उलट. कार्लोस सास्त्रेने 2008 ची तूर द फ्रान्स ही सायकल शर्यत क्यू-रिंगवर जिंकली, ब्रॅडली विगिन्सने 2012 ची आणि ख्रिस फ्रूमने 2013 ची ओसिमेट्रिकवर. या विजयांनी लंबगोलाला पुन्हा इभ्रत दिली, पण त्याच वर्षांत गोल रिंगवाल्यांनीही भरपूर जिंकलं. त्यामुळे पुरावा म्हणून मी त्यांना फार वजन देत नाही.

माउंटन बाइकवर लंबगोल परतला तो तूरमुळे नव्हे, तर एका दात्यामुळे, असं माझं ठाम मत आहे. पुढे तीन किंवा दोन रिंगा आणि त्यांवर चेन ढकलणारा डिरेलर असेल, तर लंबगोल रिंग म्हणजे डोकेदुखी. डिरेलरचा पिंजरा रिंगच्या सर्वांत उंच जागेवरून जायला हवा, म्हणजे अरुंद जागी तो चेनपासून लांब राहतो आणि गिअर आळसावतो. मग 2011-12 च्या सुमारास मागच्या डिरेलरमध्ये चेन ताणून धरणारा क्लच आला, त्याने चेनची फडफड थांबली. 2012 मध्ये स्रॅम कंपनीने एक्सएक्स1 हा संच आणला: पुढे एकच रिंग, मागे 10 ते 42 दात्यांची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांचा संच. त्या रिंगचा एक दात रुंद, पुढचा अरुंद, पुन्हा रुंद. चेनच्या कड्याही अशाच आलटून पालटून रुंद-अरुंद असतात, त्यामुळे चेन रिंगला धरून राहते आणि चेन जागेवर धरणाऱ्या गाइडशिवायही सहसा उतरत नाही. पुढचा डिरेलर गेला, आणि लंबगोलाविरुद्धची सर्वांत व्यावहारिक तक्रार त्याच्याबरोबर गेली. चेन सैल पडेल ही भीतीही फारशी खरी नव्हती. रिंगचे निम्मे दाते कायम चेनमध्ये असतात आणि आकार समोरासमोर सारखा असतो, म्हणून लागणारी चेनची लांबी फेऱ्यात जेमतेम बदलते.

दोनेक वर्षांतच अ‍ॅब्सोल्यूटब्लॅक, वुल्फ टूथ, वनअप अशा छोट्या कंपन्यांनी रुंद-अरुंद दात्यांच्या लंबगोल रिंगा काढल्या, आणि पुढे स्रॅमनेही काढली. दाते आलटून पालटून असल्याने त्यांची संख्या सम असावी लागते: 30, 32, 34. लंबगोलपणा साधारण दहा-बारा टक्के. 32 दात्यांची लंबगोल रिंग डेड स्पॉटला 30 सारखी आणि जोराच्या टप्प्यात 34 सारखी वागते. पायाचा जोर तेवढाच धरला, तर 32 ऐवजी 34 म्हणजे चेनमधला सर्वांत मोठा ताण सुमारे 6 टक्क्यांनी कमी. आकडा लहान दिसतो, पण टायर सुटण्याच्या काठावर असताना 6 टक्के पुष्कळ असतात. डेड स्पॉटला 30 चा हलकेपणा मिळाल्याने सायकल अडखळतही नाही. खडकाळ चढणीवर संथ, बसून चढताना हा फायदा पायाला सरळ कळतो.

त्यापलीकडचे दावे मात्र मी जपून घेतो. लंबगोलाने ताकद वाढते, दम कमी लागतो, यावर प्रयोगशाळांत बरेच अभ्यास झाले आणि निष्कर्ष एका दिशेचे निघालेले नाहीत. त्यात एक तांत्रिक गफलतही आहे. काही पॉवर मीटर, म्हणजे पायाची ताकद मोजणारी यंत्रं, फेऱ्यात क्रँकचा वेग एकसारखा आहे असं धरून गणित करतात. लंबगोल रिंगवर तो एकसारखा नसतो, त्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा काही टक्के जास्त दिसू शकतो. नवी रिंग लावल्यावर लगेच वॅट वाढलेले दिसले तर आधी मीटर कसा मोजतो ते पाहावं.

दरम्यान गोल रिंगची बाजूही बळकट झाली आहे. 2016 मध्ये स्रॅम ईगलची 10 ते 50 दात्यांची कॅसेट आली, 2018 मध्ये शिमानोची 10 ते 51. एवढा हलका गिअर हाताशी असेल तर बरेच चढ भरभर फेरे मारत पार होतात, आणि भरभर फिरणाऱ्या पायाला डेड स्पॉट कमी टोचतो. त्यामुळे फेरे नैसर्गिकपणेच जलद असणाऱ्याला, उताराच्या वाटांवर जास्त वेळ घालवणाऱ्याला, किंवा जास्त वेळ उभं राहून चालवणाऱ्याला मी गोलच सुचवेन. जड पायाने, बसून, सुट्या मातीवर चढणाऱ्याने लंबगोल जरूर लावून पाहावी, आणि सवय व्हायला दोन-तीन राइड द्याव्यात. पहिल्या दिवशी पाय लंगडल्यासारखे वाटतात, ते जातं.

लावताना दोन गोष्टी तपासाव्या लागतात. 34 ची लंबगोल रिंग पसरट बाजूला 36 एवढी बाहेर येते, तेव्हा ती चेनस्टेला, म्हणजे फ्रेमच्या मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीला, घासत नाही ना, हे क्रँक हाताने पूर्ण फिरवून पाहावं. आणि क्रँकच्या संदर्भात रिंगवर असलेली खूण योग्य जागीच बसवावी, म्हणजे क्रँक आडवा होऊन जरा पुढे गेला की पसरट भाग चेन ओढतो. ती खूण पाव फेऱ्याने चुकली, तर पसरट भाग डेड स्पॉटला येतो आणि 1983 चं बायोपेस तुम्ही घरीच तयार केलेलं असतं.