पांढरं दिसलं म्हणजे भुरीच, असं नाही

भुरी हा पानांवरचा बुरशीचा रोग कुणाला ओळखायला शिकवावा लागत नाही. पानावर पिठूळ थर, बोटाने पुसला की निघतो आणि चार दिवसांत पुन्हा येतो. पुण्यात थंडी पडू लागली की काकडी, भोपळा, वाटाणा, गुलाब सगळ्यांवर दिसते. पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला 2 ग्रॅम, उन्हं उतरल्यावर फवारायचं. वेलभाज्यांची पानं गंधकाने करपू शकतात, म्हणून आधी दोन पानांवर मारून बघायचं. बस.

घोळ होतो तो केवडा या दुसऱ्या रोगाचा. ऑगस्ट-सप्टेंबरात दोडक्याची, काकडीची पानं पिवळी पडतात, कुणीतरी पानाच्या वरच्या बाजूचा फोटो दाखवतं आणि सल्ला मिळतो, 'भुरी आहे, गंधक मारा.' दर पावसाळ्यात हे ऐकून आता चीड येते, कारण गंधकाचा गुण येण्याची वाट बघण्यात आठवडा जातो आणि तेवढ्यात वेल हातचा जातो. द्राक्ष संशोधन केंद्र मांजरीला, म्हणजे आपल्या दारात असताना तरी हे होऊ नये.

पान उलटून बघा. केवड्याचे डाग पुसून जात नाहीत. काकडीवर ते शिरांच्या मध्ये अडतात, म्हणून कोनाकोनाचे दिसतात. द्राक्षावर तेलाचा थेंब पडल्यासारखे असतात. डागाच्या बरोबर खाली, पानाच्या पाठीवर लव येते: काकडीवर करडी-जांभळट, द्राक्षावर मात्र पांढरीशुभ्र. या पांढऱ्या रंगाला मुरलेले बागायतदारही फसतात. ही लव रात्रीच्या दमटपणात उगवते आणि ऊन तापलं की वाळते, त्यामुळे दुपारी पान बघून 'काही नाही' म्हणण्यात अर्थ नाही. शंका असेल तर संध्याकाळी पान तोडून ओल्या कापसासोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा आणि सकाळी बघा.

दिसण्यापेक्षा मोठा फरक पाण्याचा आहे. भुरीच्या बीजाणूला रुजायला पानावर पाणी लागत नाही, हवेतला दमटपणा पुरतो. केवड्याचे बीजाणू पानावरच्या ओलीत पोहत पर्णरंध्रापर्यंत जातात. पान कोरडं राहिलं तर त्यांचं काही चालत नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस आला की नारायणगाव, जुन्नरचे द्राक्षवाले धास्तावतात ते यामुळेच. शिवाय केवडा ही खरी बुरशी नाही, शेवाळाच्या जवळचा जीव आहे. गंधकाने तो आटोक्यात येत नाही.

म्हणून संध्याकाळी पाइपने वेल धुण्याची सवय सोडा. पाणी सकाळी आणि मुळाशीच द्या, वेल मांडवावर मोकळा चढवा, खालची डागाळलेली पानं काढून टाका.

औषधात माझी पसंती बोर्डो मिश्रणाला. 1885 साली फ्रान्समध्ये ते द्राक्षाच्या याच रोगावर पुढे आलं. गच्चीवरच्या वेलासाठी 5 ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि 5 ग्रॅम चुना प्लॅस्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे भिजवून एकत्र करा आणि एकूण 1 लिटर होईल इतकं पाणी घाला. लोखंडी खिळा बुडवून तांबूस थर चढला तर चुना वाढवा. मिश्रण त्याच दिवशी संपवा आणि पानाच्या दोन्ही बाजूंना फवारा. पडलेले डाग त्याने बरे होत नाहीत, निरोगी पानं वाचतात, म्हणून पहिला डाग दिसला त्याच दिवशी फवारलेलं उत्तम.