गव्हाच्या पोटात तीन गवतं

‘खपली हा मूळ, अस्सल, संकर न झालेला गहू, पोळीचा गहू मात्र शास्त्रज्ञांनी बिघडवलेला’ अशा जाहिराती हल्ली सर्रास फिरतात. मुलांनो, खपलीसुद्धा संकरातूनच आली आहे. तो संकर झाला तेव्हा शास्त्रज्ञ सोडाच, शेतीसुद्धा नव्हती.

लाखो वर्षांपूर्वी पश्चिम आशियात, आजच्या तुर्कस्तान-सीरियाच्या बाजूला, दोन रानटी गवतं शेजारी वाढत होती. एक रानगहू, दुसरं त्याचं लांबचं भावंड. दोघांच्याही पेशीत गुणसूत्रं, म्हणजे जनुकं वाहून नेणारे धागे, 14, म्हणजे 7 जोड्या. वाऱ्याने एकाचे पराग दुसऱ्याच्या फुलावर गेले आणि एक मिश्र रोप उगवलं. त्याला दोघांकडून 7-7 गुणसूत्रं मिळाली.

खरी गंमत इथून पुढे आहे. पराग किंवा अंडपेशी तयार होताना प्रत्येक गुणसूत्र आपला जोडीदार शोधून त्याच्याशी जणू फुगडी घालतं. मग एक इकडे जातं, एक तिकडे. या रोपात चौदाही जण एकटे! वाटणी विस्कटते, पराग पोकळ निघतात, दाणा भरत नाही. घोडा आणि गाढव यांच्यापासून झालेलं खेचर वांझ असतं, त्यामागेही हाच घोळ आहे.

पण गवताला एक पळवाट सापडते. क्वचित एखाद्या फुलात वाटणी होतच नाही. अख्खी 14 गुणसूत्रं एकाच परागात उतरतात. अंडपेशीतही तसंच झालं आणि दोघं भेटले, की होतात 28. आता प्रत्येक गुणसूत्राची जुळी प्रत हजर, फुगडी सुरू! दाणे भरतात, त्या दाण्यांच्या रोपांनाही दाणे येतात. एका पिढीत नवी जात उभी राहते आणि तिच्यात दोन्ही गवतांची जनुकं असतात. (एका गवताचं गुणसूत्र दुसऱ्याच्या मिळत्याजुळत्या गुणसूत्राशी का जुळत नाही? त्यासाठी पीएच-1 नावाचं जनुक पहारा देतं, पण ते जरा मोठे झाल्यावर वाचा.)

हाच खपलीचा रानटी पूर्वज. खपलीत आजही 28 गुणसूत्रं आहेत, शेवयांच्या बन्सी गव्हातही तेवढीच.

पुढे माणूस शेती करू लागला. साधारण 8 ते 9 हजार वर्षांपूर्वी कॅस्पियन समुद्राच्या दक्षिणेकडे या पेरलेल्या गव्हाचा बांधावरच्या आणखी एका गवताशी संकर झाला. गव्हाकडून 14 अधिक गवताकडून 7, म्हणजे 21. पुन्हा तीच पळवाट, आणि 42! हा आपला पोळीचा गहू. पावाची कणीक ताणली की तुटत नाही, फुगते, त्यात या तिसऱ्या गवताच्या जनुकांचा मोठा वाटा आहे. 1944 साली जपानमध्ये किहारा यांनी आणि अमेरिकेत मॅकफॅडन व सिअर्स यांनी, महायुद्धामुळे एकमेकांचं काम ठाऊक नसताना, हे गवत ओळखून काढलं.

म्हणजे हरितक्रांतीच्या आधीच्या जुन्या पोळीच्या गव्हातही गुणसूत्रं 42च होती. खपलीची खीर जरूर खा, छानच लागते. पण तिच्यातही ग्लुटेन, म्हणजे काहींना न सोसणारं गव्हातलं प्रथिन, असतं. ज्यांना डॉक्टरांनी गहू बंद केलाय, त्यांनी जाहिरातीच्या भरवशावर ती खाऊ नये.

या तिसऱ्या गवताची फार थोडी रोपं त्या संकरात सामील झाली, त्यामुळे त्याच्या जनुकांचे थोडेच प्रकार आपल्या गव्हात उतरले. तांबेरा या गव्हाच्या रोगाशी लढणारी कितीतरी जनुकं रानातच राहिली. म्हणून मेक्सिकोतल्या सिमिट या संस्थेतले संशोधक तोच संकर हाताने पुन्हा घडवतात: 28 गुणसूत्रांचा गहू घ्यायचा, त्यावर रानगवताचे पराग टाकायचे, मिश्र रोपाची गुणसूत्रं दुप्पट करून घ्यायची, आणि त्यातून आलेल्या 42वाल्या रोपांचा पोळीच्या गव्हाशी संकर करायचा.