सलग नाईट, कापलेला ऑफ : परिचारिकांमधल्या जाचाची पार्श्वभूमी

नवख्या सिस्टरला पेशंटच्या नातेवाइकांसमोर झापणं, लागोपाठ नाईट लावणं, कबूल केलेला ऑफ ऐनवेळी कापणं, क्षुल्लक कारणावरून मेमो हातात देणं. वॉर्डात याला छळ कुणी म्हणत नाही, शिस्त म्हणतात. ‘आम्हीही असंच शिकलो’ म्हटलं की विषय संपतो. हे शिकणं सुरू झालं लंडनमध्ये.

१८६० साली सेंट थॉमस रुग्णालयात फ्लोरेन्स नाइटिंगेल यांच्या निधीतून परिचारिकांची शाळा निघाली. परिचारिकांचा कारभार पुरुष अधिकाऱ्यांच्या हातून काढून मेट्रनकडे, म्हणजे मुख्य परिचारिकेकडे द्यायचा, हा त्यामागचा मोठा विचार होता आणि त्या काळी तो धाडसाचाच होता. पण त्यासोबत सगळी सत्ता एका खुर्चीत गोळा झाली. शिकाऊ मुलींनी वसतिगृहातच राहायचं, आणि त्यांचा वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, नीटनेटकेपणा दर महिन्याला तक्त्यात नोंदला जायचा. आपल्याकडे वरिष्ठ हाताखालच्यांबद्दल लिहितात त्या गोपनीय अहवालाशी त्याचं नातं लगेच ओळखू येतं.

ब्रिटिशांच्या रुग्णालयांतून हीच उतरंड इथे आली आणि इथल्या जातीपातीत मुरली. परक्याचं मलमूत्र काढणं हलकं काम, त्यात रात्रपाळी; ‘चांगल्या घरातल्या’ मुली येईनात. बराच काळ ख्रिस्ती आणि अँग्लो-इंडियन स्त्रियांनीच हे काम पेललं. पुण्यात १९०९ साली सुरू झालेल्या सेवासदनातून रमाबाई रानडे यांनी विधवांना परिचारिकेच्या शिक्षणाकडे वळवलं, तेव्हा त्यांना समाजाशी झगडावं लागलं. बाहेर मान नाही आणि बहुतेकींना परतीची वाटही नाही, अशा बाईवर वरिष्ठाचा धाक चटकन बसतो. मला वाटतं, या जाचाचं खरं मूळ इथे आहे. ‘बायकांचं बायकांशी पटत नाही’ हे स्पष्टीकरण आळशी आणि अन्यायकारक आहे.

दुसरं मूळ तुटवड्याचं. देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीच्या १९४६ च्या हिशेबानं देशात सुमारे ४३,००० लोकांमागे एक परिचारिका होती. आज भारतीय परिचर्या परिषदेचा निकष अध्यापन रुग्णालयाच्या साध्या वॉर्डात तीन रुग्णांमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाचांमागे एक असा आहे. सरकारी रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात रात्री डोकावलं तर तो निकष कागदावरच राहिल्याचं दिसतं. माणसं कमी असली की ड्युटीचा तक्ता हेच हत्यार होतं. वॉर्ड सांभाळणाऱ्या इन्चार्ज सिस्टरलाही वरून बोलणी बसतात, आणि ती सगळ्यात नव्या मुलीवर उतरतात.

खासगी रुग्णालयांत यात बॉण्डची भर पडली. मूळ प्रमाणपत्रं रुग्णालयाच्या कपाटात, मुदतीआधी नोकरी सोडायची तर हजारो रुपये भरा. ऑक्टोबर २०११ मध्ये मुंबईतल्या एका खासगी रुग्णालयातल्या केरळच्या तरुण परिचारिकेनं आत्महत्या केली. सहकारी संपावर गेल्या. बॉण्ड रद्द करा, प्रमाणपत्रं परत द्या, ही त्यांची मागणी होती. पुढे ही ठिणगी केरळातल्या मोठ्या संपांपर्यंत गेली. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून समिती नेमली गेली. ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही परिचारिकेला किमान २०,००० रुपये पगार असावा आणि २०० पेक्षा जास्त खाटा असतील तिथे सरकारीइतका, असं तिनं सांगितलं. अंमलबजावणी मात्र राज्यांवर सोडली गेली. सरकारी सेवेतही कंत्राटाचं सावट आहेच. २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्या परिचारिका बाह्यस्रोतातून होणाऱ्या भरतीविरुद्ध संपावर गेल्या होत्या. कंत्राटी मुलगी तर वरिष्ठाविरुद्ध ब्रही काढत नाही.

कायद्यात या जाचाला नाव नाही. २०१३ चा कायदा लैंगिक छळापुरता आहे. राज्याचा २०१० चा कायदा रुग्णालयातल्या हिंसाचारासाठी आणि मालमत्तेच्या नुकसानीसाठी. कामाच्या ठिकाणच्या सर्व प्रकारच्या छळाला कवेत घेणारा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २०१९ चा करार भारतानं स्वीकारलेला नाही. त्यामुळे सलग नाईटची तक्रार करायची तर अर्ज ‘योग्य मार्गाने’ द्यावा लागतो, आणि त्या मार्गावरची पहिली सही इन्चार्ज सिस्टरचीच असते.